उरकुडे काकाजींच्या छतातलं पाणी

श्यामराव उरकुडे. नाव आधी लिहिते, मग काय झालं ते. कारण माझी सवय अशी, की सांगायला बसले की घाबरून आधी स्वतःचीच बाजू मांडत सुटते, आणि ज्याच्यामुळं निभावलं त्याचं नाव घ्यायचं राहून जातं. तर यवतमाळात, दारव्हा रोडच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या बिल्डिंगीत माझं बिऱ्हाड आजही आहे, ते पहिल्या मजल्यावरच्या श्यामराव उरकुड्यांमुळं. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. आमच्या गडहिंग्लजकडं नुसतं काका म्हटलं की भागतं. इथं 'जी' लावावा लागतो, हे पहिल्याच आठवड्यात त्यांनीच मला सुनावलं.

मदत करणारा माणूस म्हटलं की जसा डोळ्यांपुढं येतो, तसे ते अजिबात नव्हते. त्यांनी माझ्यावर कधी विश्वास ठेवला असं मला आजही म्हणवत नाही.

पहिली भेट जिन्यात. मी इडली-डोशाचं पीठ करून विकते. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून भिजवणं, वाटणं एवढंच हातात आलं, आणि तेच कामी आलं. नवरा वेल्डिंगच्या कामावर मुकुटबनकडं, रविवारी घरी. त्यामुळं तांदळाचं पोतं मी एकटीच ओढत चढवत होते. पहिल्या मजल्यावर दार सताड उघडं, आणि दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक उंच, वाळका म्हातारा. बनियन, पांढरा पायजमा, आणि नजर अशी की मी पोतं चोरूनच नेतेय.

"थांब," म्हणाले. उठले, पोत्याचं तोंड सैल केलं आणि सरळ कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर काढून बोटं चोळली, नाकाला लावली.

"कुठून आनला?"

"मार्केटातनं."

"बुडाचा ओला हाय. वरून कोरडा दाखवला तुले. वापस कर."

मनात म्हटलं, ह्यांचं त्या दुकानदाराशी काही तरी वाकडं असणार. घरी येऊन पोतं ओतलं, तर तळाचा तांदूळ खरंच दमट, कुबट. तांदूळ परत केला, पण संशय गेला नाही. हात घालून असं कुणाला कळतं का?

कळत होतं, कारण जन्मभर त्यांनी तेच केलेलं. कापूस खरेदीच्या केंद्रावर ते ग्रेडर होते. कधी राळेगाव, कधी नेर. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची, आणि काकाजी एकेका बंडीत खांद्यापर्यंत हात खुपसून कापूस बघायचे. वजन वाढावं म्हणून कुणी कापसावर पाणी मारतं, कुणी मधल्या थरात ओला कापूस दडवतं. तो त्यांचा हात शोधून काढायचा. नोकरी संपली, पण हाताची सवय सुटली नाही. भाजीवाल्याच्या मेथीच्या जुडीत हात, किराणावाल्याच्या साखरेत हात, सुनेनं पाठवलेल्या रव्याच्या लाडवांच्या डब्यात हात. बोटं चोळायची, वास घ्यायचा, आणि म्हणायचं, "मले नाई पटलं."

हे त्यांचं वाक्यच होतं. टीव्हीवरच्या हवामानाला, डॉक्टरांच्या गोळीला, काकूंनी "भात झाला" म्हटलं त्यालाही. निर्मलाकाकू झाकण उघडून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पाहा बाप्पा, घाला हात! एवढे साल संसार केला, पन माह्या भातावर भरोसा नाई ह्या मानसाचा."

काकू त्यांच्या अगदी उलट. गोऱ्या, जाड, हसऱ्या. जिन्यात बसून तूर सोलायच्या आणि येईल-जाईल त्याच्याशी बोलायच्या. त्यांचं माहेर नेरजवळचं. एकदा मी सहज विचारलं, दिवाळीला भाऊ येत नाहीत का? तर त्यांचे हात थांबले.

"भाऊ होता ना माय. एका साली कापूस घेऊन आलता ह्याईच्याच केंद्रावर. ह्याईनं हात घातला बंडीत, अन् सगळ्या बाजारासमोर म्हनलं, पानी मारलं हाय. बंडी वापस. तवापासून माहा भाऊ भाऊबीजेले नाई आला."

"आणि खरंच मारलं होतं पाणी?"

"मारलं होतं ना. म्हनूनच त जास्त लागलं."

आता नळाचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. आमच्याकडं नळ रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड, कधी त्याहून उशिरा. नळ यायच्या दिवशी बिल्डिंगीत सण असल्यासारखी धावपळ. ड्रम, टाक्या, बादल्या, पातेली, सगळं भरून घ्यायचं. त्या दिवशी काकाजी आपली खुर्ची खाली नेऊन पाइपलाइनपाशी मांडायचे. कुणी टिल्लू पंप लावून पाणी ओढत नाही ना, कुणी जास्तीचे ड्रम भरत नाही ना, हे बघायला. "लागते तेवढंच भरा," हे पार तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. "घरात तळं बांधाचं हाय का तुमाले?" लोक आतल्या आत शिव्या द्यायचे, पण ऐकायचे. नळ जाईस्तोवर ते तिथून हलायचे नाहीत. काकू खिडकीतून विचारायच्या, "संपली का चौकीदारी?" मी खिडकीतून बघायची आणि मला वाटायचं, हा माणूस मुख्यतः माझ्यावरच लक्ष ठेवून आहे. कारण सगळ्यांत जास्त पाणी मलाच लागतं.

आणि मग पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या थोडं आधी, त्यांच्याच हॉलमध्ये छतातून पाणी पडायला लागलं.

त्यांच्या हॉलला खाली पीओपीचं छत लावलेलं. मुलानं पुण्याहून येऊन हौसेनं करून घेतलेलं. पंख्याच्या बाजूला पिवळा डाग आला, तो पसरला, आणि टपटप सुरू झालं. सोफ्याशेजारी बादली लागली. वर कोण राहतं? मी.

माझे घरमालक राऊत साहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि बिल्डिंगीचे सेक्रेटरीही तेच. ते खाली येऊन डाग बघून माझ्या दारात उभे राहिले.

"ताई, राग नका मानू. पन तुमचा धंदा पान्याचा. सकाळ-संध्याकाळ भिजवनं, धुनं. वर तुमी, खाली काकाजी. मधात तिसरं कोन हाय?"

"साहेब, आमच्यात थेंब सांडत न्हाई ओ. बघा तुम्ही फरशी."

"फरशीवरून थोडी दिसते? दिवाळीपर्यंत पानी बंद झालं त ठीक. नाई त रूम खाली करा. मले बी लोकाईले तोंड द्या लागते."

ही खोली मिळायला किती दारं झिजवली होती ते मला माहीत. पिठाचा धंदा म्हटलं की लोक दार लावायचे. "कोल्हापूरकडचे? इकडं कोन हाय तुमचं?" असं विचारायचे. कुणीच नाही, हेच खरं. पोरीची शाळा कोपऱ्यावर, पिठाची गिऱ्हाइकं ह्याच गल्लीतली. इथून उठवलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवसापासून मी वेड्यासारखी झाले. नळ बंद आहे का ते बघायची, दोन पावलं जायची, परत येऊन बघायची. नळांना चिंध्या बांधल्या. डाळ धुतलेलं पाणी परातीत धरून उचलून मोरीत नेऊन ओतायची. फरशी पिळून काढलेल्या फडक्यानं पुसायची. तरी नळ येऊन गेला की खाली टपटप सुरू, आणि काही दिवसांनी आपोआप बंद. पुन्हा नळ आला की पुन्हा सुरू. हेच तर मला खात होतं. मीही नळाच्या दिवशीच भरते. मग माझंच कशावरून नसेल? रात्री पोरगी म्हणायची, "आई, झोप की." मी फरशीला हात लावून बघत असायची.

काकाजी रोज वर येऊ लागले. न विचारता. सिंकच्या खाली हात, ग्राइंडरच्या मागं हात, मोरीच्या कोपऱ्यात हात. बोटं चोळायची, वास घ्यायचा. मी दाराशी उभी. मला वाटायचं, हे राऊत साहेबांसाठी पुरावा गोळा करतायत. एकदा राहवलं नाही.

"सापडलं का काही?"

"मले नाई पटलं."

"काय न्हाई पटलं? माझं?"

"तुयं बी नाई पटलं, राऊतचं बी नाई पटलं. सरक तिकडं."

प्लंबर आला. त्यानं दोन मिनिटं वर बघितलं आणि सांगितलं, वरच्या बाईच्या मोरीची फरशी फोडावी लागेल. राऊत साहेब तयार. फरशी फोडली की माझा धंदाही बंद आणि मुक्कामही. काकाजींनी प्लंबरला विचारलं, "फोडल्यावर नाई निंगालं त?"

"मग किचनची फोडू."

"अन् तिथंबी नाई निंगालं त माही फोडशील. असं फोडत फोडत त सापडनच. जा, घरी जा."

दुसऱ्या दिवशी ते कापूस घेऊन आले. साधा, सरकी काढलेला, कच्चा कापूस, पिशवीभर. त्याचे छोटे छोटे बोळे केले आणि कणकेच्या खळीनं चिकटवत सुटले. माझ्या सिंकखाली, मोरीच्या भिंतीला, ग्राइंडरपाशी. मग त्यांच्या घरात. पंख्याजवळचं पीओपीचं चौकोनी झाकण काढलं, हात वर घालून खऱ्या स्लॅबला, म्हणजे माझ्या फरशीच्या पोटाला, बोळे लावले. पीओपीच्या पाठीवरही ओळीनं ठेवत गेले, पार स्वयंपाकघराकडं जाणाऱ्या अरुंद बोळीपर्यंत. मी स्टूल धरून उभी.

"घर हाय का जिनिंग?" काकू म्हणाल्या. "उद्या पाहुने आले त गाठोडं बांधून घेऊन जातीन."

"कच्चा कापूस लवकर पानी पीत नाई," काकाजी वरूनच म्हणाले. "ज्याच्यापाशी पानी बराच वेळ बसलं, थोच भिजते."

आणि स्टुलावर उभ्या उभ्याच त्यांनी राळेगावची एक गोष्ट सांगितली. एका माणसाची बंडी आली, कापूस एका बाजूनं ओला. सगळे म्हणाले, चोर आहे, पाणी मारलं. माणूस थरथरत होता. काकाजींनी हात घातला. आत कोरडा. "पानी मारनारा मधात मारते, कडेले नाई. कडेचं दिसते ना. रातच्याले त्याची ताडपत्री सरकली होती, दव पडलं. बस. पास केला म्या." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "थरथरनारा मानूस चोरच असते असं नाई."

एवढं ऐकूनही मला भरोसा आला नाही, हे सांगते. मला वाटलं, गोड बोलून काढून घेतायत. आणि आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत बसली होती. काकू बदलल्या होत्या. जिन्यात बसणं बंद. मी दिसले की चहा द्यायच्या, पण नजर चुकवायच्या. "जाऊ दे वं, सुकते थे आपोआप," म्हणायच्या. माझं घर उठायची वेळ आली आणि ह्या म्हणतात सुकतंय! मला वाटलं, ह्याही राऊतांच्या बाजूच्या.

पुढच्या नळाच्या आदल्या दिवशी काकाजींनी हुकूम सोडला. "उद्या तू पानी नाई भराचं. एक थेंब नाई."

"आणि माझा धंदा?"

"एक नळ भरू नोको. नाई त धंदाच उठून राह्यला तुया."

"गुपचूप भरतीन ना ताई," राऊत साहेब हसून म्हणाले.

"कशी भरन? म्या बसतो ना तिच्या घरात."

आणि बसले. नळाच्या दिवशी पहिल्यांदाच त्यांची खुर्ची खाली पाइपलाइनपाशी नव्हती, माझ्या ओट्यासमोर होती. माझ्या नळाला त्यांनी आपला रुमाल बांधला आणि गाठ अशी मारली की त्यांच्याशिवाय कुणाला सुटू नये. दुपारी नळ आला. सगळ्या बिल्डिंगीतून भरण्याचे आवाज, ड्रमांचे, बादल्यांचे, ओरडण्याचे. खालून काकूंच्या घरातूनही पाइप ओढल्याचा आवाज. माझ्या घरात शांतता. मोकळी पातेली. मी म्हटलं, "चहा टाकते." तर म्हणाले, "चहाले पानी लागते." तसेच कोरडे बसून राहिले. पोरीला आदल्या दिवशीच्या तांब्यातलं पाणी दिलं, तेही त्यांनी बघून घेतलं.

नळ गेला. रुमालाची गाठ तशीच. आणि संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये टप.

मला रडूच आलं. म्हटलं, आता तरी कळलं ना सगळ्यांना. पण राऊत साहेबांनी मान हलवली. "जुनं पानी हाय थे. स्लॅबमधे मुरलेलं. ताई, म्या दुसरा किरायदार पाहून ठेवला. रविवारी मीटिंगमधे सांगून टाकू, विषय संपला." आणि ते वर गेले.

काकाजींनी स्टूल ओढलं. झाकणातून हात वर घातला. "स्लॅबचे कोरडे हायेत," ते स्वतःशीच म्हणाले. म्हणजे वरून, माझ्या फरशीतून काही येत नव्हतं. मग पीओपीच्या पाठीवरचे बोळे एकेक करून काढले. पंख्याजवळचा ओला. त्याच्या पुढचा जास्त ओला. बोळीजवळचा तर पिळला असता पाणी निघालं असतं. काकाजी खाली उतरले आणि बोळीत येऊन वर बघत राहिले. तिथं माळा होता. पीओपीच्याच उंचीचा, वायरीच्या भोकानं हॉलच्या छताला जोडलेला. माळ्यावर गोधड्यांचा ढीग.

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "तिथं कायले चढता? कंबर मोडन. जुन्या गोधड्या हायेत नुसत्या."

मी स्टूल धरलं. ते चढले आणि गोधड्यांच्या ढिगात हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. मी खालून त्यांचं तोंड बघत होते. बंडीसमोर उभे असताना ते असेच दिसत असणार. हात आत थांबला. बाहेर आला तो पाण्यानं निथळत होता. त्यांनी बोटं चोळली नाहीत, वासही घेतला नाही. फक्त काकूंकडं बघितलं.

गोधड्यांच्या मागं एक मोठा निळा ड्रम होता. वरच्या बाजूला केसाएवढी, नवीच पडलेली चीर. पूर्ण भरला की चिरेतून पाझरायचा, पातळी खाली गेली की थांबायचा. म्हणून तर नळ आला की टपटप सुरू, आणि काही दिवसांनी बंद.

"कधीपासून?" काकाजींनी विचारलं.

"तुमी खाली खुर्ची टाकून बसाले लागले तवापासून," काकू म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "घरात पानी दिसलं का मले झोप लागते. तुमाले सांगतलं असतं त तुमी भरू देल्ला असता का?" मग माझ्याकडं वळून, "मले गेल्या खेपेपासून भेव वाटून राह्यलं होतं वं, का आपलाच त नसन. पन पाहाची हिंमत नाई झाली."

काकाजी खाली उतरले. "पोरी, तू वर जा," एवढंच म्हणाले.

रविवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. माझी बाजू खरी होती आणि ती मी डोळ्यांनी बघितली होती, पण माझं कोण ऐकणार? आणि ते कशाला बोलतील? आयुष्यभर ज्यानं बाजारासमोर लोकांचं पाणी पकडलं, बिल्डिंगीला ड्रम मोजायला लावले, तो स्वतःच्या बायकोचा ड्रम चारचौघांत सांगेल? एका भाडेकरणीसाठी? चीर बुजवतील, गोधड्या परत रचतील, आणि मी सामान बांधेन. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "खोकी जमवून ठेव." मी खरंच खोकी आणली.

रविवारी खाली पार्किंगमध्ये मीटिंग. सगळे उभे. काकू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, पदर तोंडाशी. राऊत साहेबांनी सुरुवात केली, "ताईले म्या सांगतलं हाय, दिवाळीनंतर..."

"राऊत, थांब गा." काकाजी उठले. खुर्चीच्या पाठीला हात टेकला. "पानी माह्या घरचंच हाय. माळ्यावर ड्रम भरून ठेवला होता. फुटका. थोच पाझरला. वरच्या पोरीच्या घरून थेंब नाई आला. म्या सोता बसून पाह्यलं."

मग राऊत साहेब म्हणाले, "तुमच्या घरी ड्रम? काकाजी, तुमी त आमाले बादल्या मोजाले लावता! ठेवला कोनं?"

गॅलरीत काकूंनी पदर सोडला आणि तोंड उघडलं. काकाजींनी वर बघितलं.

"तू चूप राय. सगळ्याईसाठी चहा ठेव." मग राऊतांकडं वळून, "कोनं म्हंजे? म्या ठेवला. हाव सुटली मले. लिहून घे."

"चहा ड्रममधल्याच पान्याचा का काकाजी?" मागून कुणी तरी म्हणालं, आणि सगळं पार्किंग हसलं. कुणी म्हणालं, "आता पाइपलाइनपाशी आमी खुर्ची टाकतो, तुमच्यावर ध्यान ठेवाले!" पुन्हा हसणं. काकाजी तसेच उभे होते. कानशिलं लाल झालेली. पण खाली बसले नाहीत, निघूनही गेले नाहीत. हसणं संपेपर्यंत उभे राहिले, जसे कधीकाळी त्यांच्यासमोर बंडीवाले राहत असतील. मी बोलायला पुढं झाले, तर त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पुन्हा मागं सरले.

मग राऊत साहेब माझ्याकडं आले. "राहा ताई, राहा," म्हणाले, आणि दुसऱ्या किरायदाराला तिथूनच नको म्हणून फोन केला. एवढ्यावर माझं घर राहिलं. खोकी मी भंगारवाल्याला दिली.

त्यानंतर काकाजींनी पाइपलाइनपाशी खुर्ची टाकणं सोडलं. टाकली असती तरी कुणी जुमानलं नसतं. "काकाजी, भरला का ड्रम?" हे जिन्यात येता-जाता पोरंसोरंही विचारायची. ते म्हणायचे, "भरला, या आंघोळीले." फुटका ड्रम त्यांनी स्वतः खाली आणला, आणि नवा आणून स्वयंपाकघरात, सगळ्यांना दिसेल असा मांडला. त्या भाऊबीजेला नेरहून कुणी आलं नाही. पण फोन आला. काकू भात उतरवत होत्या, म्हणून तो काकाजींनी उचलला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. काकूंनी एवढंच सांगितलं, की फोन बराच वेळ चालला आणि भात गार झाला.

एकदा पीठ द्यायला गेले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "काकाजी, त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात."

"कोन म्हन्ते? पानी माह्याच घरचं होतं."

"पण ड्रम काकूंनी ठेवलेला. मी होते की तिथं. मी बघितलं."

त्यांनी डब्यात बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. "तू पाह्यलं? मले नाई पटलं."

नंतर काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं, आणि मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. जायच्या सकाळी गाडी खाली उभी होती. काकू मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याची मोठी कॅन धरून. "वाटेत भेटते पानी," मुलगा म्हणत होता, आणि त्या ऐकत नव्हत्या. मी ताज्या पिठाचा डबा दिला. काकाजींनी तिथंच, रस्त्यात, झाकण उघडलं.

"आज पानी जास्त झालं तुयं."

"न्हाई ओ, रोजचंच आहे."

"मले नको सांगू." झाकण लावलं आणि डबा पायाशी नीट, कलंडणार नाही असा ठेवला. गाडी वळणाला गेली तेव्हा खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. निरोपाचा असेल म्हणून मी माझा हात उचलला. पण त्यांनी तळवा वर केला होता. आभाळ भरून आलेलं, आणि काही पडतंय का ते ते बघत होते.

मी अजून त्याच खोलीत आहे, अजून भाड्यानंच. नळाला चिंधी बांधायची सवय गेली नाही. पण एक ठरवून ठेवलंय. कधी ना कधी मी स्वतःचं घर बांधीन, इथंच, यवतमाळात. त्यात पाण्याची टाकी काकू म्हणतील तेवढी मोठी करीन, आणि पहिल्या नळाला ती काकूंच्या हातानं भरून घेईन. काकाजींना पुण्याहून आणीन, भिंतीभिंतीपाशी फिरवीन, पाहिजे तिथं हात लावू देईन. ते बोटं चोळतील, वास घेतील, आणि नाही पटलं म्हणतील. म्हणू देत. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी चहा टाकीन, आणि तो त्यांना प्यावाच लागेल.